सागरची तीन वर्षांची सही

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, मेसईद, कतार. सकाळी सामना झाला. सागरने चार गडी बाद केले. खांदा पुन्हा दुखावला.

रोजच्या वहीत एवढं लिहून सरोजिनीबाई बाहेर आल्या. त्यांचा मुलगा सागर खांद्यावर बर्फ धरून बसला होता. कागदोपत्री तो स्टोअरकीपर, पण कंपनीने त्याला सांभाळलं होतं ते तिच्या क्रिकेट संघासाठी. या महिनाअखेर करार संपला की तो मोकळा होणार होता. दोह्यात दुसरी नोकरी ठरत आली होती, आणि तिथे गोलंदाजी करायची नव्हती.

दुपारी मॅनेजर देवस्थळी मिठाई घेऊन आले. सागरकडे न बघता ते थेट स्वयंपाकघराच्या दाराशी, सागरच्या बायकोकडे, गेले.

"वहिनी, तीन खोल्यांचं घर देतो. ईश्वरीच्या शाळेची बस दारात. फक्त तीन वर्षांच्या नव्या करारावर सही आजच हवी."

"बाजार उघडायच्या आतच माल उचलता का, साहेब?" सागर म्हणाला.

"मग काय, दुसऱ्यांनी बोली लावायची वाट बघू?" साहेब हसले.

भैरवी एका खोलीत सासू, नवरा आणि मुलगी ईश्वरी असा चौघांचा संसार रेटत होती. तिचा उजळलेला चेहरा सागरने पाहिला आणि कागद मांडीवर ओढला. उजवा हात वर उचलवत नव्हता, मांडीवरच सही केली.

साहेब गेल्यावर सरोजिनीबाई म्हणाल्या, "अरे, खांद्याचं सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर घर गेलं असतं, आई."

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: भैरवीने मुगाची खिचडी केली. सागर डाव्या हाताने जेवला.