शेजाऱ्याच्या सासऱ्यांचे अमेरिकन

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी, सिंगापूरच्या सेंगकांगमधील आमच्या ब्लॉकखाली, एका अमेरिकन बाईंना त्यांचे कुलदैवत कोणते असे विचारण्यात आले. विचारणारे गृहस्थ माझ्या समोरच्या फ्लॅटमधील शेजाऱ्याचे सासरे. दोघांची ओळख लिफ्ट खाली येईपर्यंतचीच होती. बाई क्षणभर गोंधळल्या, पण प्रश्न त्यांनी मनावर घेतला. आजीचे गाव इटलीत, नेपल्सजवळ. तिथला एक संत आहे. न्यू जर्सीतल्या त्यांच्या गल्लीत दर उन्हाळ्यात त्याची मूर्ती खांद्यावरून मिरवतात आणि लोक तिला नोटा टाचतात, असे त्यांनी सांगितले. "म्हणजे पालखी!" सासरे म्हणाले, आणि वर येऊन त्यांनी जावयाला खबर दिली, "व्यवस्थित माणसं आहेत. नेपल्सकर."

जगात नुसता अमेरिकन असा माणूस नसतो, हे त्यांचे ठाम मत आहे. ते मूळचे कऱ्हाडचे. टेलिफोन खात्यात त्यांनी उभी हयात ट्रंक कॉल जोडले. तिथे आधी गावाचे नाव आणि मग माणसाचे. "गावाशिवाय माणूस जोडता येत नाही," हे वाक्य ते सहज बोलून जातात. पत्नी गेल्यावर धाकट्या मुलीने त्यांना इथे आणले, आणि सुरुवातीला हा देश त्यांना फार पसंत पडला. इथे मूळ विचारलेले कुणाला खटकत नाही. ब्लॉकमधल्या चिनी म्हाताऱ्यांनी आपापल्या आजोबांची गावे सांगितली, मलय शेजाऱ्याने जावा बेटावरचे एक गाव सांगितले, तमिळ वॉचमनने तर नदीसुद्धा सांगितली. अडचण फक्त अमेरिकनांची झाली. त्यांना मूळ विचारले की ते कॅलिफोर्निया म्हणत, ओहायो म्हणत. सासरे मान हलवत. "तो झाला पोस्टाचा पत्ता. त्याआधी?"

त्यामुळे अमेरिकन माणूस दिसला की ते त्याच्या वाटेवर उभे राहू लागले. हातातली मोठी पाण्याची बाटली आणि अनोळखी माणसाला केलेले स्मित या दोन खुणांवरून ते त्याला लांबून ओळखतात. सहसा चुकत नाहीत. उत्तर मिळाले की त्या गावाला 'कर' जोडून त्या माणसाचे बारसे होते. शिकागोहून आलेल्या एका शिक्षकाच्या आजोबांनी पोलंड सोडले होते, म्हणून तो पोलंडकर. खालच्या मजल्यावरच्या जोडप्यात नवरा अर्धा आयरिश आणि अर्धा मेक्सिकन, बायको फिलिपिनो आई आणि नॉर्वेच्या वंशाचा बाप यांची. त्यांना काय म्हणावे यावर सासऱ्यांनी एक संध्याकाळ घालवली. "चार घरची माणसं एका फ्लॅटात, आणि फ्रीज केवढासा," एवढाच निष्कर्ष निघाला.

नाव मिळालेल्या माणसाला त्याच्या गाववाल्यांशी जोडून देणे हे पुढचे काम. ओहायोच्या एका तरुणाचे पणजोबा जर्मन निघाले, तेव्हा सासऱ्यांनी त्याला हाताला धरून पोलंडकरांच्या दारात नेऊन उभे केले. "तुमच्याच बाजूचे आहेत," ते म्हणाले आणि निघून आले. दोघे अमेरिकन दारात उभे राहून एअरकॉन दुरुस्त करणाऱ्याविषयी बोलले, असे पोलंडकरांनी नंतर मला सांगितले.

मुलीला हे सगळे पसंत नव्हते. "बाबा, लोकांना ते रेसिस्ट वाटतं."

"मी काय वाईट विचारलं? जेवलात का विचारतो, तसं."

"जेवलात का विचारल्यावर कुणी पणजोबा नाही सांगत."

पुढे समोरच्या खासगी सोसायटीत, कॉन्डोत, जॉर्जिया राज्यातले एक कृष्णवर्णीय इंजिनिअर राहायला आले. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारले. सवाना शहर, असे उत्तर आले. नेहमीप्रमाणे "त्याआधी?" झाले. त्या गृहस्थांनी न रागावता सांगितले, "सर, आमची माणसं विकत आणली होती. त्यांचं गाव कुणी लिहून ठेवलं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे कॉन्डोच्या फाटकापाशी थांबले, इंजिनिअर बाहेर येताच म्हणाले, "काल माझं चुकलं. आजी कुठे राहायची, एवढंच सांगा." आजी सवानात राहायची. तिच्या अंगणाविषयी आणि तिच्या तापट स्वभावाविषयी ते गृहस्थ बराच वेळ बोलले, आणि त्यांची बस चुकली. घरी येऊन सासऱ्यांनी जाहीर केले, "सवानाकर. त्यामागे विचारायचं नाही."

मुलगी पोळ्या लाटत होती. ती लाटणे न थांबवता म्हणाली, "मग ताईच्या मुलीचं काय? तीही ह्यूस्टनच सांगते."

"तिचं वेगळं. तिचं गाव कुठे हरवलंय? आहे की जागेवर."

हा विषय त्या घरात जपूनच निघतो. सासऱ्यांची थोरली मुलगी ह्यूस्टनला असते, आणि तिच्या मुलीचा जन्म तिथलाच. काही वर्षांपूर्वी कऱ्हाडला घरातले लग्न होते. मांडवात एका पाहुणीने या नातीला कुठली म्हणून विचारले. ती ह्यूस्टन म्हणाली. आजोबा मागून म्हणाले, "कसली ह्यूस्टन! मूळची आपल्या कऱ्हाडची. तोंडावर लिहिलंय, आणि तोंडातून मराठी निघत नाही." लोक हसले. नात मांडवातून उठून गेली. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर ती हात हलवते आणि बाजूला होते. आजोबांशी बोलत नाही.

ही नात या जानेवारीत एका सहामाहीसाठी इथल्या विद्यापीठात येणार असल्याचे डिसेंबरात कळले. तिने मावशीला निरोप पाठवला होता: मी तुला भेटायला येईन, पण आजोबांनी पुन्हा तसं केलं तर लगेच निघेन. मावशीने तो वडिलांना वाचून दाखवला. "मी काय केलं होतं?" असे त्यांनी विचारले.

नात येण्याच्या आधीच्या आठवड्यात खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये एक घटना घडली. त्या वेळी मी रांगेत सासऱ्यांच्या मागे होतो. पुढे एक तरुण मुलगी होती. चेहरा चिनी, हातात मोठी पाण्याची बाटली. नूडल्सच्या दुकानातल्या आँटीने तिला मँडरिनमध्ये काहीतरी विचारले. मुलगी इंग्रजीत म्हणाली, "सॉरी, मला येत नाही." आँटीने झारा खाली ठेवला.

"फेस चायनीज, चायनीज कॅनॉट स्पीक, आह? युअर मदर नेव्हर टीच यू?"

"मी सॅन फ्रान्सिस्कोची आहे. माझ्या आईलाही येत नाही."

"सेम सेम लह! चायनीज इज चायनीज."

रांगेतले दोघे हसले. मुलगीही हसली, हे आधी पुष्कळदा ऐकलेल्या माणसाचे हसणे होते. सासरे पुढे झाले. त्यांच्या टेलिफोन खात्यातल्या इंग्रजीत ते म्हणाले, "मॅडम, शी इज अमेरिकन."

"अमेरिकन वेअर गॉट धिस फेस, अंकल?"

अमेरिकनाचा चेहरा असा कुठे असतो, असे तिचे म्हणणे. मुलीने बसून खायचा बेत बदलला, नूडल्स पार्सल घेतल्या आणि सासऱ्यांचे आभार मानून ती निघून गेली. तिला त्यांनी काहीही विचारले नाही. घरी त्यांनी आपल्या मुलीला झालेला प्रकार सांगितला, बराच वेळ पाणी पीत बसले, आणि मग विचारले, "त्या दिवशी मांडवात माझा आवाज किती मोठा होता गं?"

"शेवटच्या पंगतीपर्यंत गेला होता, बाबा."

नात जानेवारीत आली आणि एका रविवारी मावशीकडे जेवायला आली. जावयाच्या सांगण्यानुसार सासरे त्या दिवशी पहाटेच दाढी करून बसले होते. जेवताना त्यांनी तिला आमटी हवी का, असे पुन्हा पुन्हा विचारले. दुसरा प्रश्न विचारला नाही. जेवणानंतर ती सगळे कप स्वतः धुऊन गेली. दारात ती म्हणाली, "बाय, आजोबा." ते म्हणाले, "बाय." पुढचे दोन रविवार ती आली नाही, अभ्यास आहे, असे तिने मावशीला कळवले. ते दोन्ही रविवार सासरे ब्लॉकखालच्या बाकावर बसून होते. नेपल्सकर बाई समोरून गेल्या तेव्हा त्यांनी हात केला, पण उठले नाहीत.

तिसऱ्या रविवारी मुलीने थालीपिठे आणि लोणी डब्यात भरून दिले, आणि जावई व सासरे एमआरटी मेट्रोने विद्यापीठात गेले. पुढचा वृत्तांत जावयाचा आहे. वसतिगृहाच्या दारातल्या गार्डने, मलय गृहस्थांनी, विचारले, "अंकल, कुणाकडे? नात का? इंडियाहून आलीय?"

जावई उत्तर देणार होते. सासऱ्यांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"नो. अमेरिकन," ते म्हणाले. "फ्रॉम ह्यूस्टन."

"त्याआधी?" जावयाने मराठीत, हळूच विचारले. थट्टेत विचारले, असे ते सांगतात.

"गप्प बसा," सासरे म्हणाले.

गार्डने फोन लावला. काचेच्या दाराबाहेर आजोबा उभे आहेत, असे त्यांनी कळवले. थोड्या वेळाने नात पायात घरच्याच चपला घालून खाली आली आणि तिने आतून दार उघडले.