त्या गाडीत कोणी मेलं होतं का?

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी डेल्फीन क्लाह नवव्या कॅनचं झाकण आवळत होती. चॅप्टर हाऊसच्या, म्हणजे गावसभेच्या इमारतीच्या, मागचा सार्वजनिक नळ सहाला सुरू होतो आणि दुपारी चारला बंद होतो. एका कॅनमध्ये एकोणीस लिटर पाणी मावतं. शेजारणीच्या छोट्या मोटारीची मागची सीट काढली की असे बारा कॅन बसतात. तेरावा ठेवला की मागची चाकं वर घासतात. तिने ठेवून पाहिला होता.

बारा कॅन म्हणजे दोनशे अठ्ठावीस लिटर. पठारावर तिच्या आईच्या तळावर एकशे अठरा मेंढ्या-शेळ्या, चार गाई आणि दोन घोडे आहेत. जूनमध्ये त्यांना आणि दोन माणसांना मिळून दिवसाला बाराशे लिटर लागतं. नळापासून तळ एकोणतीस मैलांवर, त्यातले शेवटचे सात चढाचे. नऊ दिवसांपूर्वी डेल्फीनच्या पिकअपच्या इंजिनातला एक रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. तोवर ती ट्रेलरवर पिंजऱ्यातल्या दोन मोठ्या टाक्या आणायची, हजार-हजार लिटरच्या. आता शेजारणीची मोटार, आणि दिवसाला तीन फेऱ्या. तिन्ही मिळून सातशे लिटरही होत नव्हते.

तळावरची पाणी उपसणारी पवनचक्की एप्रिलपासून कोरडी होती. आठ मैलांवरच्या विहिरीवर लाल रंगात लिहिलंय, माणसांनी पिऊ नये, जनावरांनाही पाजू नये. मंगळवारी एक मेंढी मेली, गुरुवारी दोन कोकरं. डेल्फीनची आई ग्लेनाबाह एकोणऐंशी वर्षांची आहे. तिने सकाळची कॉफी अर्ध्या कपावर आणली होती. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

डेल्फीन सत्तेचाळीस वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ऑगस्टपर्यंत सुट्टी. शेजारीण सोमवारी परत येणार होती, म्हणजे मोटार जाणार. तिचा मामा एमेट जन्मभर रेल्वेचे रूळ टाकत आला. तोही सोमवारी दहा दिवसांसाठी कामावर निघणार होता. इंजिन बसवणारा माणूस तोच. तेव्हा इंजिन शनिवारी मिळायला हवं होतं आणि रविवारी चालायला हवं होतं.

साडेनऊला दोघं मामाच्या गाडीतून गॅलप गावात, रुडी आर्चुलेताच्या भंगार आवारात पोचली. मामाने येताना बटाटा आणि डबाबंद मांस भरलेल्या दोन पोळ्या घेतल्या होत्या. डेल्फीनने आपली उघडली नाही.

"या, म्हातारबा," रुडी म्हणाला. "अजून जिवंत?"

"तुझी उधारी फेडायची राहिलीय ना. म्हणून वर घेत नाहीत."

"देणं मी तुमचं लागतो, तुम्ही माझं नाही."

"तेच सांगतोय. तू फेडलीस की जाईन."

डेल्फीन हसली नाही. "आमच्या गाडीत बसणारी किती आहेत?"

"तीन. डिझेलही आहे, जबरदस्त. पण त्याला गिअरबॉक्स वेगळा, वायरिंग वेगळं. दोन महिने लागतील."

"मला दोन दिवस आहेत."

तिन्ही इंजिनं एका पत्र्याखाली लाकडी ठोकळ्यांवर होती. आठ सिलिंडरची, पेट्रोलवरची, बाहेरून सारखीच. एक चार पॉइंट आठ लिटरचं, एक पाच पॉइंट तीनचं, एक सहाचं. ब्लॉकवर ओतलेला आकडा वाचल्याशिवाय फरक कळत नाही. ज्याला तो वाचता येत नाही त्याला रुडीच्या धंद्यातले लोक लहान इंजिन मोठं म्हणून विकतात. रुडी विकत नाही, असं मामाचं मत होतं. तरी त्याने तिन्ही आकडे पुसून, त्यांवर खडू घासून स्वतः वाचले.

पाच पॉइंट तीनच्या तेलाचं झाकण उघडताच मामाने ते डेल्फीनपुढे धरलं. आतल्या बाजूला दुधाळ कॉफीसारखा थर होता.

"पाणी," ती म्हणाली.

"बघ, इंजिनालाही मिळतंय. फक्त तुझ्या आईच्या मेंढ्यांना मिळत नाही." त्याने झाकण लावलं. "हे गेलं."

चार पॉइंट आठचं एका डिलिव्हरी व्हॅनमधून निघालेलं. एक लाख ब्याण्णव हजार मैल चाललेलं. मामाने पुलीवर पहार लावून ते हाताने फिरवलं, प्लग काढले, रुडीने बॅटरी जोडली, दाब मोजला. आठही सिलिंडर एकशे पंचेचाळीस ते दीडशेच्या दरम्यान. थकलेलं, पण प्रामाणिक. अडचण दुसरीच होती. या आकाराचं इंजिन जोर देतं ते खूप फिरवल्यावर. मोकळ्या रस्त्यावर ते कोणाला जाणवत नाही. मागे पावणेतीन टनांचा ट्रेलर आणि समोर सात मैलांचा चढ असला की ते ओरडत राहतं, आणि त्याच्या ओरडण्याने आधी गिअरबॉक्स जळतो.

सहाचं इंजिन शेवटी पाहिलं. एकाहत्तर हजार मैल. प्लग आठही एका रंगाचे, फिक्या बिस्किटासारखे. दाब एकशे ऐंशीच्या वर, सगळीकडे. मामाने तेलाची पट्टी नाकाशी नेली, बोटांवर तेल चोळलं आणि पहिल्यांदा उकिडवा बसला.

"पोरी, हे घोडं आहे," तो म्हणाला. आणि ओठ पुढे काढून चार पॉइंट आठकडे खूण केली. "ती शेळी."

"हे ओढेल?"

"दोन टाक्या, वर तुझी आई, वर तिचे टोमणे. सगळं ओढेल."

डेल्फीनने रुडीकडे पाहिलं. तो हात पुसत होता. प्रश्न काय येणार हे त्याला माहीत होतं. त्याच्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक डिने आहे, इथले मूळ रहिवासी; ज्या वस्तूला मरण शिवलं ती ते वापरत नाहीत, आणि प्रत्येक जण पैशांआधी हेच विचारतो.

"त्या गाडीत कोणी मेलं होतं का?"

"गाडीत कोणी मेलं नाही. शपथ घेऊन सांगतो."

"गाडी कुठे आहे?"

त्याने मागे दाखवलं. पिकअपची डावी बाजू आत गेली होती. मागच्या हौद्यात तीन टाक्यांच्या चौकटींचे चौकोनी डाग पडले होते. ते डाग ती ओळखते. तसेच तिच्या ट्रेलरवर आहेत.

"चालवणारा?"

रुडीने हातातली चिंधी खाली ठेवली. "चालता-बोलता काढला होता बाहेर. आल्बुकर्कीला नेला. तिथे तिसऱ्या दिवशी गेला. दवाखान्यात, गाडीत नाही." मग तिला पटावं म्हणून त्याने खिशातून गाडीचा कागद काढला आणि त्यावरचं नाव वाचलं.

ते नाव इथे लिहीत नाही. मोठ्याने म्हणायलाही नको होतं.

डेल्फीन त्या माणसाला ओळखत होती. नळावर बऱ्याचदा तो तिच्या पुढे असायचा, तपकिरी टोपी, तीन टाक्या. मे महिन्यापासून दिसला नव्हता. अपघात झाल्याचं तिने ऐकलं होतं. बरा होतोय असंही ऐकलं होतं.

मामा उठला आणि पत्र्याच्या सावलीबाहेर जाऊन उभा राहिला. रुडीने कागद घडी करून खिशात घातला.

"मी चुकलो का?" त्याने विचारलं.

"गेलेल्याचं नाव नको होतं घ्यायला."

"खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं."

"हो," डेल्फीन म्हणाली.

मामा परत आला तो वाद घालायच्या तयारीने. घरातला जुन्या वळणाचा माणूस तोच, पण तोच म्हणाला, "आपण माणसाला शेवटी दवाखान्यात का नेतो? घर वाचावं म्हणून. माणूस घरात गेला तर घर सोडावं लागतं. तो बाहेर गेला. मग घर वाचलं ना? तसं हे इंजिन वाचलं."

"मामा, तू स्वतः ते मानतोस?"

"मी मेंढ्या मोजतोय."

"मी दर रविवारी चर्चला जाते. मला काही नाही. मी उद्या त्या गाडीत बसून सॅन्डविच खाईन."

"मग घे."

"आई विचारेल. पहिल्याच दिवशी विचारेल, इंजिन कोणाचं? मी काय सांगू?"

"सांग दुकानातलं."

"तुझ्या बहिणीला? तू सांग. मी समोर उभी राहते, तू सांग."

मामाने टाचेखाली खडूचा तुकडा चुरडला.

"तिला कळलं की ती ते पाणी पिणार नाही," डेल्फीन म्हणाली. "मेंढ्यांनाही पाजणार नाही. दोन हजार लिटर ट्रेलरवर उभं राहील आणि ती लाल पाटीच्या विहिरीकडे कळप हाकेल. मग हे घोडं मी कशाला जुंपू?"

"शुद्धीचा एखादा विधी करून घेता येईल."

"सोमवारपर्यंत?"

अकरा वाजून दहा मिनिटांनी रुडीने चार पॉइंट आठचं इंजिन साखळीवर उचलून मामाच्या गाडीत ठेवलं. नवं गॅस्केट आणि तेलाचा डबा त्याने न विचारता वर टाकला. निघताना डेल्फीनने सहाच्या इंजिनाकडे पाहिलं नाही. मामाने दोनदा पाहिलं.

इंजिन शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी बसवलं. मामाने तीन खांबांच्या तिकाटण्याला साखळी बांधली होती. डेल्फीन बोल्ट देत होती आणि मधल्या वेळात कॅन भरून आणत होती. शनिवारी दोनच फेऱ्या झाल्या, आणि संध्याकाळी एक गाभण शेळी बसली ती उठली नाही. रविवारी डेल्फीन चर्चला गेली नाही. दीड वाजता इंजिन सुरू झालं. आवाज स्वच्छ होता.

"एकदा दोन्ही भरून बघू," मामा म्हणाला. "कदाचित मी ह्या इंजिनाला शेळी म्हणून उगाच नावं ठेवली."

तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी दोन्ही टाक्या भरल्या. सपाट रस्ता ठीक गेला. मामाने रेडिओही लावला. चढाच्या दुसऱ्या मैलाला डेल्फीनने गिअर उतरवला, तिसऱ्याला आणखी एक. इंजिन चार हजारांवर फिरत होतं आणि गाडी ताशी अठरा मैलांनी जात होती. मामाने रेडिओ बंद केला आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या काट्यावर नजर ठेवली. चौथ्या मैलाला काटा लाल पट्ट्यात गेला.

"थांब."

"थोडंच राहिलंय."

"तीन मैल राहिलेत. थांब, पोरी. हा गेला तर माझ्याकडे दुसरा नाही आणि उद्या मी नाही."

तिने थांबवली. चाकांना दगड लावले. गरम तेलाचा वास येत होता. गाडी वळवायला तिथे जागा नाही. भरलेला ट्रेलर उतारावर मागे नेणं कोणालाच जमलं नसतं. टाकी उतरवून ठेवावी तर एक टन वजन. रिकाम्या कॅनपैकी एकही बरोबर नव्हता.

"मागची," मामा म्हणाला. "पुढची ठेव. वजन हुकवर राहू दे."

डेल्फीनने मागच्या टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी रस्त्याच्या कडेने वाळूत गेलं. आधी धार लांब पडली, मग जवळ. रिकामी व्हायला अकरा मिनिटं लागली. ती पूर्ण वेळ व्हॉल्व्हपाशी उभी होती. एकदा तिने ओंजळ धरली आणि चेहऱ्यावर पाणी मारलं. मामा इंजिनाचं झाकण उघडून आत बघत राहिला, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

एका टाकीवर गाडी वर चढली, पण काटा पुन्हा लालच्या काठाशी गेला होता.

तळावर ग्लेनाबाह कुंपणाशी थांबली होती. तिने ट्रेलरकडे पाहिलं.

"दुसरी रिकामी का?"

"चढावर ओतली, आई. इंजिन लहान आहे."

"मोठं नव्हतं?"

"होतं."

म्हातारीने लेकीकडे पाहिलं, मग भावाकडे. भाऊ बूट बघत होता. तिने पुढे विचारलं नाही.

मामाने कॉफी घेतली आणि सरळ बोलला. "रोज एक टाकी, रोज एक फेरी. दोन फेऱ्या मारल्यास तर हे ऑगस्ट बघणार नाही."

"एक टाकी किती जणांची?" ग्लेनाबाहने विचारलं.

डेल्फीनने हिशोब आधीच केला होता. "बावीस मेंढ्या आणि एक गाय कमी केली तर पुरेल."

"शाळा सुरू झाली की?"

"मी तीनला सुटते. नळ चारला बंद होतो. चाळीस मिनिटांचा रस्ता, आणि वर रांग."

"म्हणजे नाही पुरणार."

"नाही."

ग्लेनाबाह कोंडवाड्यात गेली. तिने दावणीजवळची, निळी खूण करायची रंगाची कांडी घेतली आणि मेंढ्यांमधून हळूहळू फिरू लागली. पहिल्या सातांना तिने लगेच खूण केली. त्या म्हाताऱ्या होत्या. आठवीपाशी ती बराच वेळ उभी राहिली, तिच्या लोकरीत हात घालून, आणि मग तिलाही खूण केली. बाविसावी होईपर्यंत उजेड कमी झाला होता. खूण केलेल्या मेंढ्या गुरुवारी विक्रीसाठी ट्रकमध्ये जातील.

मामा साडेसातला निघाला. जाताना त्याने डेल्फीनच्या डॅशबोर्डवर काट्याच्या काचेवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, लाल पट्ट्याच्या जरा अलीकडे. तिथे पोचला की थांबायचं.

सोमवारी डेल्फीन पहाटे पाचला निघेल, एक टाकी भरेल, आणि परतताना चढाच्या चौथ्या मैलाला इंजिन बंद करून, गिअरबॉक्स निवेपर्यंत, वीस मिनिटं थांबेल.