हद्दीचे चार दगड

माझ्या नोकरीत एकच फिर्याद अशी आली, जिने मला पोलीस म्हणून शहाणं केलं आणि नवरा म्हणूनही. ती अजून विसरता आलेली नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी धरणगावच्या बाजूला एका ठाण्यावर फौजदार होतो. मे महिन्यातली सकाळ होती. हजेरी उरकून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात जवळच्या खेड्यातले एक शेतकरी तणतणत आत आले. गावात त्यांना सगळे नाना म्हणत, मीही तेच म्हणतो. नानांचं कपाशीचं वावर गावच्या पोरांच्या मसणवट्याला लागून होतं. महिन्यापूर्वी सरकारी मोजणी झाली, हद्दीचे चार दगड रोवले गेले, आणि आता ते चारही दगड कुणीतरी उपटून नानांच्याच वावरात सात-आठ पावलं आत रोवले होते. नानांचा संशय शेजारच्या चुलतभावावर होता.

"साहेब, त्याले मन्हं सुख दखावत नही," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले. "आज दगड सरकाडात, उद्या मन्हं बठ्ठं वावर गिळी टाकी!" बठ्ठं म्हणजे सगळं.

पोरांचा मसणवटा हा काय प्रकार, ते सांगितलं पाहिजे. त्या भागात मोठ्या माणसाला नदीकाठी अग्नी देतात. पण ज्याला अजून दात आले नाहीत अशा लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. वर दगड रचतात, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीचे काटे टाकतात. दोन पावसाळ्यांत काटे कुजतात, दगड विस्कटतात, आणि जागा पुन्हा गवताची होते. गोसाव्यांच्या समाध्यांवर निदान चौथरा असतो. कबरस्तानाला भिंत असते. भिल्लांच्या पुरण्याच्या जागाही त्यांच्या त्यांना ठाऊक असतात. या लेकरांच्या जागेला काहीच नव्हतं. पिढ्यान् पिढ्या गाव तिथे लेकरं ठेवत आलं होतं, पण कागदावर ती नुसती 'पड' होती. नव्या मोजणीत तिचा एक पट्टा सरळ नानांच्या नावावर आला. मोजणीदाराची साखळी सरळ चालते, खाली कोण निजलंय ते तिला कळत नाही.

खरं तर गुन्हा अदखलपात्र होता. नोंद करून नानांना कोर्टाचा रस्ता दाखवला असता तरी चाललं असतं. पण बांधावरून डोकी फुटलेली मी पुष्कळ पाहिली होती. जमादाराला बरोबर घेतलं आणि सायकलवरून गाव गाठलं.

पोलीस पाटलांच्या समक्ष पंचनामा केला. दगड एका ओळीत, नीट ठोकून बसवलेले होते. खोडसाळपणा करणारा माणूस इतक्या निगुतीने काम करत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र चुलतभावाला चावडीवर बसवून चांगला दोन तास फैलावर घेतला. तो घामाघूम झाला, पण जबाबात तसूभर फरक पडेना. शेवटी तो चिडूनच बोलला.

"साहेब, जमीन गयी मसनवटाले. माले काय भेटनं? मी सरकाडतू ते मन्हाकडे नही का लेतू?"

जमादार मिशीत हसला. हद्द सरकवणारे मी खूप पाहिले होते, पण दगड हलवून जमीन मेलेल्यांना देणारा चोर नवाच होता. त्याला सोडून दिलं आणि पुरवणी जबाबासाठी नानांच्या घरी गेलो.

ओट्यावर बसलो. नानांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तिशीच्या आतबाहेरची, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई. तांब्या ठेवताना तिचे हात दिसले. दोन्ही तळव्यांना हळद लावलेली होती आणि बोटांच्या मुळाशी ताजे फोड होते. निंदणी-वेचणीने घट्टे पडतात, असे फोड येत नाहीत. ते पहारीने येतात.

"अक्का," मी विचारलं, "हातांना काय झालं?"

तिने हात पदराखाली घेतले. जमादार घसा खाकरायला लागला तसा मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बायकांना घाई केली की जबाब मिळत नाही, रडू मिळतं. ती खाली बघतच म्हणाली, "मीच सरकाडात."

"कसाले?" नाना उठून उभेच राहिले.

"तठे आपली आंडेर शे," ती म्हणाली.

आंडेर म्हणजे मुलगी. नानांचा राग उभ्या जागी विझला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बारा वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी वीस दिवसांची होऊन गेली. माती द्यायला बाप्येच जातात. बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत, आणि लेकरू कुठे ठेवलं ते तिला सांगतही नाहीत. सांगितलं की आईचा जीव तिथेच घुटमळतो, पुढे कूस उजवत नाही, असा समज. ही तेव्हा कोनाड्याकडे तोंड करून निजलेली होती. पुढे तीन मुलगे झाले, पण ती जागा तिला कधीच कळली नाही. आता पेरणीआधी नाना नव्या पट्ट्यात नांगर घालणार, हे ऐकल्यापासून तिची झोप उडाली होती. भर उन्हात गाव घरात पडलेलं असे, तेव्हा पहार घेऊन ती जाई. रोज एक दगड.

"पण अक्का, चारही दगड कशाला हलवले?"

"कोठे ठेवी ते माले कोन्ही सांगं नही, साहेब. म्हनीसन बठ्ठीच जागा सोडी."

नानांनी तोंडावरून उपरणं फिरवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती तठे नही शे. नालाकडे शे, निमना झाडखाले. नांगर तठलोंग जातच नही."

"मंग इतला वरीस माले काबर नही सांगं?"

"तू कधी इचारंच नही."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. मुलगी पट्ट्यात नाही, दगड परत जागेवर जातील, मी संध्याकाळच्या आत ठाण्यावर पोहोचेन. तेवढ्यात तिने विचारलं, "मंग त्या पट्टामा कोन शे?"

"गावना पोरं शेतस," नाना म्हणाले.

"त्यासले बी माय शे ना?"

दगड तिने सरकवले तिथेच राहिले. नानांनी फिर्याद मागे घेतली, आणि पट्टा पुन्हा मसणवट्याकडे लावावा म्हणून मामलेदारांकडे अर्ज केला. तलाठी वैतागला. जमीन मागायचे अर्ज त्याने ढीगभर पाहिले होते, जमीन नको म्हणणारा अर्ज कसा लिहायचा तेच त्याला माहीत नव्हतं. शेवटी तो मीच लिहून दिला.

निघताना नानांनी मला बाजूला घेतलं. "साहेब, हिले तठे लई गयं ते चाली का? आम्हामा बाया जातीस नही."

"नाना, त्याला कुठलंही कलम लागत नाही," मी म्हणालो. दिवस कलला तशी ती दोघं नाल्याच्या दिशेने निघाली. ते पुढे, ती चार पावलं मागे. जमादाराने त्या बाजूला पाठ केली आणि सायकलीची साखळी तपासत बसला.

त्या दिवशी घरी आलो तर बायको भाजी निवडत होती. आमचा पहिला मुलगा आधीच्या एका बदलीच्या गावी सव्वा महिन्याचा होऊन गेला होता. मीही शिरस्त्याप्रमाणे तिला जागा सांगितली नव्हती. दहा वर्षं आमच्यात तो विषयच नव्हता. मी समोर बसलो आणि म्हणालो, "बाळाला तिथल्या ओढ्यापलीकडे चिंचेजवळ ठेवलं होतं."

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंनी दाखवली होती जागा. तुम्ही ड्यूटीवर गेलात की जाऊन बसायचे मी तिथे."

"मग मला कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

पुढे निवृत्त होईपर्यंत मी शेकडो जबाब नोंदवले. समोरचा गप्प आहे म्हणजे त्याला काही माहीत नाही, असं त्यानंतर कधी धरून चाललो नाही. हे मला खात्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी सुरी घेतली आणि तिच्याबरोबर भाजी चिरायला बसलो. बऱ्याच वर्षांनी आम्ही आमच्या मुलाबद्दल बोललो.