बाबांचं जनुक आणि माझा शेरा

अंधेरीच्या एका काचेच्या इमारतीत मी कित्येक वर्षं एकच काम करतेय. प्रोस्टेटच्या कॅन्सरशी नातं सांगणाऱ्या जनुकांचा डेटाबेस सांभाळायचा. शोधनिबंध वाचायचे, कुठल्या जनुकात काय बदल सापडला ते पाहायचं आणि त्यापुढे शेरा मारायचा: घातक, निरुपद्रवी किंवा 'महत्त्व अनिश्चित'. पुरुषांच्या त्या ग्रंथीबद्दल माझं ज्ञान अफाट. आमच्या बोरीवलीच्या घरातही एक पुरुष राहतो आणि टीव्हीवरची एक मालिका संपेपर्यंत तो चारदा बाथरूमला उठतो, एवढं मात्र नजरेतून सुटलं होतं.

बाबांच्या इस्त्रीच्या शर्टांखाली आईला त्यांचा रक्ताचा रिपोर्ट सापडला. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या बिघाडाची रक्तातली खूण, वाढलेला; कागद चार महिने जुना. सोसायटीत 'मुलगी कॅन्सरवर काम करते' म्हणून मिरवणारे ते हेच बाबा.

"मला का नाही सांगितलंत?"

"मुलीला काय सांगायचं असलं?"

"मी दिवसभर तेच वाचते, बाबा."

"ऑफिसात वाच ना. घरात कशाला?"

बायॉप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? बाबा ठामपणे म्हणाले, "आमच्यात कुणाला काही नाही."

"तुमचे मोठे भाऊ?" आईनं विचारलं.

"तो लघवी तुंबून गेला."

"आणि तुमचे काका?"

"ते कंबरदुखीनं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आमच्या घराण्यात कॅन्सर नव्हताच. माणसं आपली कंबरदुखीनं मरत होती.

मग जनुकांची तपासणी झाली. एका जनुकात बदल सापडला. रिपोर्टमध्ये शेरा होता 'महत्त्व अनिश्चित', आणि आधार म्हणून आमच्याच डेटाबेसचा उल्लेख. मी नोंद उघडली. ती मीच केलेली होती. खाली कारणही माझंच: पुरेशी माहिती नाही, भारतीय कुटुंबांच्या नोंदी जवळपास नाहीत. ते लिहून मी बहुधा निवांतपणे चहाला गेले असेन.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुला माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही. आपल्यासारख्या घरांची माहितीच नाही त्यात."

"का नाही?"

"कुणी सांगत नाही म्हणून."

बाबांनी चष्मा पुसून परत चढवला. त्यांच्याशी वाद मी पहिल्यांदाच जिंकले होते, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. पीएसए अजून तरी खाली आहे. ती नोंद आता माझ्या हातात नाही. घरचं प्रकरण म्हणून ती एका सहकाऱ्याकडे गेली. त्याचं म्हणणं, नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने मिळाले तर काही कळेल.

हे बाबांनी फारच मनावर घेतलं. एका रविवारी ते बाल्कनीत वही घेऊन बसले आणि गावच्या चुलतभावाला फोन लावला.

"लघवीक त्रास होता काय रे तुका?" आवाज समोरच्या विंगेपर्यंत. "लाजतस कित्याक? माझी ती ग्रंथीच काढून टाकल्यानी."

समोरची एक खिडकी बंद झाली. आई म्हणाली, "जरा हळू बोला." बाबांनी फोनवर हात ठेवला. "शास्त्राचं काम चाललंय," म्हणाले आणि पुढचा नंबर लावला.

संध्याकाळपर्यंत दोन चुलतभाऊ रक्त द्यायला तयार झाले. तिसऱ्यानं सांगितलं, आंब्याचा सीझन संपला की बघू.