नागिणीचं पथ्य

हिंमतआप्पांच्या कपाळावरचा गेरू अजून ओला होता. डाव्या भुवईपासून केसांपर्यंत लाल रेघांची नक्षी, आणि तिच्याखाली पाण्याने भरलेले बारीक फोड. मी बॅटरीचा उजेड टाकला. एक फोड नाकाच्या शेंड्यावरही होता. तो मला आवडला नाही.

"कालपासून आग होतेय," आप्पा म्हणाले. "आईने सकाळीच कोसाडला नेलं. तिथल्या बाबाने नागीण बांधली."

आई शेजारीच बसली होती, पदर घट्ट खोचून. "डोकं दुखतंय त्याचं. तेवढी गोळी दे. तीन दिवस दुसरी दवाई चालत नही."

नागीण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो एखाद्या मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतो. वय वाढलं, शरीर थकलं, की जागा होतो आणि त्या तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. आप्पांच्या बाबतीत त्याने जो तंतू निवडला होता, त्याची एक फांदी नाकाच्या शेंड्याला जाते आणि तीच डोळ्यातही जाते. म्हणजे पुढचा मुक्काम डोळा. आणि आप्पा उधन्याच्या लूम्सच्या खात्यात, म्हणजे साड्या विणणाऱ्या यंत्रमागांच्या कारखान्यात, मास्तर. चालत्या लूमवर तुटलेला एक धागा लांबून ओळखायचा, यावर त्यांची नोकरी. विषाणूवरची गोळी पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केली तर तिचा खरा उपयोग. बाबाचे तीन दिवस आणि माझे तीन दिवस एकच होते.

मी आधी आप्पांना पटवायला घेतलं.

"आप्पा, तुमच्या शेठची एखादी साडी मार्केटमध्ये चालली की काय होतं?"

"आठवड्यात चार जण कॉपी मारतात."

"विषाणू तेच करतो. पण त्याच्याकडे लूम नसतं. तो आपल्या पेशीत घुसतो आणि आपल्याच लूमवर स्वतःचा माल काढतो."

"जागा आपली, लाइट बिल आपलं?"

"सूतसुद्धा आपलं."

"हरामखोर," आप्पा मनापासून म्हणाले.

"ही गोळी त्याने बळकावलेल्या लूमवर सुताची एक खोटी कांडी ठेवते. दिसायला खरीच. पण तिच्या धाग्याला पुढचा धागा जोडता येत नाही. कापडाचा ताका तिथेच अडतो."

"आणि जो माल निघून गेला?"

"तो परत येत नाही. म्हणून आज सुरू करायची."

आप्पांना पटलं. वाचकांसाठी एवढीच भर घालतो, की ही असायक्लोव्हिर नावाची गोळी नागीण, कांजिण्या, ओठावर उठणारे फोड अशा एकाच खानदानातल्या विषाणूंना चालते. फ्लूची गोळी वेगळी, काविळीच्या बी आणि सी विषाणूंची वेगळी, एचआयव्हीची वेगळी. साध्या सर्दीवर यातली कुठलीच नाही. आणि अँटिबायोटिक यातल्या कशावरच चालत नाही, कितीही मागितलं तरी.

मी चिठ्ठी लिहिली. गोळी दिवसातून पाच वेळा, पाणी भरपूर, आणि आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

आईने विचारलं, "पथ्य काय शे?"

"काही नाही. सगळं खायचं."

म्हातारी उठून उभी राहिली. "हाई कसानी दवाई? पथ्यच नही! चाल रे हिंमत, ऊठ."

आणि पन्नाशी ओलांडलेले हिंमतआप्पा, ज्यांच्या आवाजाने अख्खं खातं गप्प बसतं, मुकाट्याने उठले.

तेव्हा औषधांच्या खिडकीतून सुमनचा आवाज आला. सुमन म्हणजे माझी पत्नी. शिकलेली फार्मासिस्ट, माहेर धुळ्याचं. गोडादऱ्यातल्या या दवाखान्यात मी निदान करत असे आणि ती माणसं सांभाळत असे.

"बस वं माय. डॉक्टरसाहेब इसरी ग्यात. पथ्य आहे, आणि फार कडक आहे."

म्हातारी थांबली. मीही थांबलो.

"वांगं बंद," सुमन म्हणाली. "भरीत तर वासालाही नको. मी सांगेन तोवर. आणि पाचातली एक गोळी जरी चुकली, तरी पथ्य मोडलं."

"थंडीचं भरीत बंद?" आप्पांचा चेहरा पडला.

"नागीण डोळ्यावर आलीय आप्पा, मग काय शिरापुरी देऊ?"

म्हातारी परत बसली. "आते कसं!" ती मला म्हणाली. "बाबाचं बाहेरून राहू दे. तुझी आतून दे."

वांग्याचा आणि विषाणूचा काडीचाही संबंध नाही, हे इथे नमूद करतो. ते दोघे गेल्यावर मी सुमनलाही सुनावलं.

"तुमच्या गोळीत खोट नाही हो," ती म्हणाली. "पण जिच्यासाठी काही सोडावं लागत नाही, ती गोळी लोक अर्ध्यात सोडतात."

आप्पांनी एकही गोळी चुकवली नाही. लूमच्या आवाजात कळावं म्हणून मोबाइलचा गजर थरथरता करून खिशात ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, पुन्हा पुन्हा तपासलं. डोळा वाचला. भुवईवर फिकट वण राहिला, तेवढाच. म्हातारीने श्रेय पहिलं गेरूला दिलं, दुसरं वांगं सोडण्याला. तिसरा मी.

सुमन या उन्हाळ्यात गेली. भेटायला लोक आले, तसे आप्पाही दवाखान्यात आले. बराच वेळ तिच्या बंद खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. एक विचारायचं राहून गेलं. ताईंनी भरीत कधीपासून खायचं ते सांगितलंच नाही."

"आप्पा, त्याला दोन हिवाळे झाले!"

"पण पथ्य ज्याने घातलं त्यानेच सोडवायचं असतं. विचारू विचारू म्हणत राहिलो. प्रत्येक वेळी खिडकीशी गर्दी."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

"आजपासून खा," मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलेलं चालेल?"

"मी तिचा नवरा आहे."

आप्पांनी गंभीरपणे विचार केला. "चालवून घेऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून डबा आला. भरीत आणि कळण्याची भाकरी. तिखट फार होतं, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं, असं मी कंपाउंडरला सांगितलं.

आता मी प्रत्येक चिठ्ठीवर एखादं निरुपद्रवी पथ्य लिहितो. आणि ते कधी सोडायचं, तेही लिहितो.