चिनी गोलकीपरचे हातमोजे

कढईत करडईचं तेल तापलं की मला पारनेर तालुक्यातलं एक प्रकरण हमखास आठवतं. नव्वदच्या दशकातलं. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात फौजदार होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

एका रविवारी तिशीचा एक उंच माणूस अर्ज घेऊन आला. नगरच्या एका कारखान्याच्या फुटबॉल संघाचा तो गोलकीपर. गावाकडच्या घरातल्या पेटीतून त्याचे हातमोजे चोरीला गेले होते. हवालदार हसू दाबत म्हणाला, "नवे घ्या की राव." त्या माणसाचे डोळे भरून आले. मी त्याला आत बोलावून बसवलं.

हातमोजे एका चिनी गोलकीपरचे होते. काही वर्षांपूर्वी चीनचा एक व्यावसायिक संघ मुंबईत खेळायला आला, तेव्हा आमचा अर्जदार समोरच्या संघात राखीव होता. सामना संपल्यावर चिनी गोलकीपर सरळ त्याच्याकडे आला. दुभाष्यामार्फत म्हणाला, मीही नऊ वर्षं बाकावर काढली. तिशी उलटल्यावर पहिली संधी मिळाली, आणि मग सहा वर्षं मला कुणी जागेवरून हलवू शकलं नाही. आता हा शेवटचा दौरा. एवढं बोलून त्याने हातमोजे काढून दिले.

"मी ते घालत न्हाई, साहेब," अर्जदार म्हणाला. "मॅचला जायच्या आधी नुसता हात लावतो. आईला मात्र काय विचारू नका. एकटीच राहती. घरात चोर शिरला म्हटलं तर घाबरंल."

दोनच दिवसांत खबर मिळाली. संघातला दुसरा गोलकीपर नुकताच त्या घरी जेवून गेला होता. चार वर्षं राखीव असलेला माणूस. मला हेतू आयताच सापडला. तीन दिवस त्याला हजेरीला बोलावलं, दरडावलं, टेबलावर काठी आपटली. तो हात मागे बांधून उभा राहायचा.

"साहेब, चार वर्षं गप बसून हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "चोरायचंच असतं तर एवढी वाट कशाला बघितली असती?"

मला ते उत्तर उर्मट वाटलं. त्याच्या ठाण्याच्या चकरा कारखान्यात कळल्या आणि नाव साफ होईपर्यंत कामावर येऊ नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. ही बातमी अर्जदारानेच आणली. "तो तसा न्हाई, साहेब. आमी एका ताटात जेवतो. माझा अर्ज परत द्या." तेव्हा मी चरकलो. आम्ही घर पाहिलंच नव्हतं. हवालदाराने अर्जदाराला विचारून घराचा पंचनामा ठाण्यातच लिहिला होता आणि मी खाली सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत अर्जदारासोबत त्याच्या गावी गेलो. करडईची काढणी आटपत आली होती. सकाळच्या दवात काढली तरी तिचे काटे सोडत नाहीत. हाताला चिंध्या गुंडाळूनही वाटेत भेटलेल्या बायांचे हात ओरबाडलेले दिसत होते. अर्जदाराच्या आईने मला पाण्याचा तांब्या दिला. तिच्या हातावर एकही ओरखडा नव्हता.

"मावशी, यंदा करडई केली नाही वाटतं?"

"केली की. काल सगळी काढून झाली."

"मग हात असे धड कसे राहिले?"

ती लाजून हसली. "पोराच्या पेटीत हातमोजे हुते. लई गुणाचे. एक काटा टोचू दिला न्हाई बगा."

गोठ्यातल्या खुंटीवरून तिने ते काढून आणले. रबरावर काट्यांची भोकं पडली होती, आतली चिनी अक्षरं घामाने पुसट झाली होती. मुलाचा चेहरा पाहून ती घाबरली. "चुकलं का रं माजं?"

त्याने तिचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "न्हाई आई. हातासाठीच असतात ते."



तसेच आम्ही दुसऱ्या गोलकीपरच्या घरी गेलो. मी त्याच्या वडिलांसमोर त्याची माफी मागितली आणि कारखान्यासाठी पत्र तिथेच लिहून दिलं. अर्जदाराने हातमोजे त्याच्यापुढे धरले. "बाकावर बसणाऱ्यालाच दिले हुते त्याने. आता हे तुझे."

पुढे मोठमोठे गुन्हे उघडकीला आणले, बक्षिसंही मिळाली. पण संशयिताच्या हेतूआधी त्याच्याकडे नीट पाहायला मला या प्रकरणाने शिकवलं. हातमोजे घ्यायला त्या पोराने हात पुढे केले, तेव्हा मी त्याचे हात पहिल्यांदा पाहिले. त्याच्या घरचीही करडई नुकतीच निघाली होती. दोन्ही तळवे काट्यांनी फाटलेले होते.