श्रावणातली अळंबी आणि मामांचं पोट

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात बोईसरला माझ्या मामांचं पोट दुखू लागलं. मुंबईला जाऊन पोटात दुर्बीण घालून घ्या, असं पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं. दुर्बिणीतून काय दिसू शकतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. मामी त्याला 'तसलं काही' म्हणत. मामांनी मुंबई टाळली आणि वाचन वाढवलं.

रविवारच्या पुरवणीत त्यांना एक लेख सापडला. अळंबीतली काही द्रव्यं गाठींची वाढ रोखू शकतात, आतड्यांनाही मानवतात, असा त्याचा मथितार्थ. मामा नुकतेच कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना श्रोत्यांची गरज होती. घरी चहाला आलेला पाहुणा आतड्यांची रचना समजावून घेतल्याशिवाय परत जात नसे. दर बाजाराला मामा एसटीने मनोरला जात आणि सागाच्या पानात बांधलेली रानातली अळंबी घेऊन येत.

अडचण श्रावणाची होती. अळंबीला मटणासारखा वास येतो म्हणून मामींनी तिला स्वयंपाकघरात बंदी केली. ती जमिनीतून उगवते, हा मुद्दा मामांनी सविस्तर मांडला. मामींनी तो ऐकून घेतला आणि स्टोव्ह उचलून पडवीत ठेवला. मग मामा पडवीत उकिडवे बसून आपलं औषध शिजवू लागले. औषधात मसाला मात्र सढळ हाताने पडे.

एके दिवशी त्यांनी तो लेख मला मोठ्याने वाचायला लावला. प्रयोग उंदरांवर झाले आहेत, माणसांबद्दल अजून खात्रीने सांगता येत नाही, असं शेवटच्या परिच्छेदात होतं. तिथपर्यंत मामा बहुधा पोचलेच नव्हते.

"उंदराचं काय, माझं काय, आतडं ते आतडं," ते म्हणाले.

मामी दारात तांदूळ निवडत होत्या. "त्या उंदरांना काय झालंय ते आधी कुणी बघितलं असेल ना? तुमचं कुणी बघितलंय?" आणि हातातलं सूप खाली ठेवून, "मला तर भीती वाटते. तुमाला नाय वाटत?"

मामा स्टोव्हला पंप मारत राहिले.

"वाटते," ते म्हणाले. "म्हणून तर शिजवतोय."

त्याच आठवड्यात दोघं मुंबईला गेले. पोटात व्रण निघाला, 'तसलं काही' नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिखट बंद केलं. मामांनी सगळं श्रेय अळंबीला दिलं.

श्रावण संपल्यावर मामींनी ती स्वतः, चुलीवर, पथ्याप्रमाणे रांधली: मीठ आणि चिमूटभर हळद. मामांनी दोन घास खाल्ले, ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि किनाऱ्यावरच्या दांडीहून मासे घेऊन येणारी बाई आज आली होती का, असं विचारलं.